व्हीआर (आभासी जग दाखवणारा, डोळ्यांवर बांधायचा खोका) घातला की पोरांना गरगरतं, मान दुखते. पट्टा कोणता घेऊ?

कपाशी_मास्तर
राजेहो, शाळा आर्णी तालुक्यात. माजी विद्यार्थ्यानं जुना हेडसेट दिला. तीन पोरं खूश, चौथी पोरगी "सर, गरगरते" म्हणत मटकन खाली बसली. खोका नाकावर घसरतो, गालावर वळ उठतात. मला चष्मा, त्यामुळे जास्तच अडचण. कूलरसमोर बसवलं तर भिंगांवर वाफ. हजाराच्या आत पट्टा सुचवा.

दारव्हा_टू_पुणे
पट्टा मागून पाहू. आधी भिंगं कुठं आहेत? हेडसेट मेटा कंपनीचा क्वेस्ट २ असला तर ती बोटानं सरकतात, ५८, ६३ आणि ६८ मिमीवर. मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर ६३च्या आसपास, पोरांचं कमी. तुमच्या डोळ्याला लावलेला खोका तसाच पोरीला दिला असेल, तर डोळे ताणणारच. कपाळावर मोजपट्टी आडवी धरून ते अंतर मोजा. चष्म्यासाठी डब्यात एक प्लास्टिकची चौकट येते, ती बसवा. नाहीतर भिंगावर ओरखडे पडतील.

सेलूचा_बावा
मास्तर, पोरीले दाखवत काय होते?

कपाशी_मास्तर
हृदयाच्या आत रक्ताबरोबर वाहत जायचं.

सेलूचा_बावा
मंग गरगरन नाही त काय! डोळे म्हणतात चाललो, कान म्हणते बसलो हाओ. घाटात एसटीत होते तेच, फक्त उलटं. खुर्चीवर बसवा, एका जागेवरून दुसऱ्या जागी टपकन उडी मारता येते तो पर्याय लावा. पाच मिनिटं बस. घाम फुटला की लगेच काढा, "सवय होईल" म्हणून रेटू नका. कूलरची हवा ओली असते, साधा पंखा लावा.
मानेचं सांगतो. क्वेस्ट २चे ५०३ ग्रॅम सगळं तोंडावर लटकते. म्या मागच्या पट्ट्याले पॉवर बँक बांधली. वजन वाढलं, पण तोल आला. पट्टा मागं कवटीच्या फुगवट्याखाली बसवा, वरतून आवळू नका. खर्च शून्य, मोजे बांधायचं इलॅस्टिक होतं घरी.

दारव्हा_टू_पुणे
आणि ओट्यावर भिंगं उन्हाकडे करून ठेवू नका. आतला पडदा जळतो, आपलं ऊन तर विचारूच नका.

कपाशी_मास्तर
मोजलं. पोरीचं ५७ निघालं, भिंगं ६८वर होती! ५८वर केली, खुर्चीवर बसवली. पाच मिनिटं झाली तरी काढायला तयार नाही. पॉवर बँक उद्या बांधतो, इलॅस्टिक बायकोकडे मागावं लागेल.