मदत हवी आहे: थेरपिस्टना चुकून 'तू' म्हणून गेले, आता परत कशी जाऊ?

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडं लांबेल, पण मधलं गाळलं तर प्रश्न कळणार नाही.

वय ४३, शाळेत शिकवते. झोप पार उडाली म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांच्या गोळ्या त्यांच्याच सल्ल्याने आता बंद झाल्या आहेत. पण त्यांनी ज्या थेरपिस्टकडे पाठवलं, त्यांच्याकडे सव्वा वर्ष दर गुरुवारी जाते आहे. त्या वयाने माझ्याहून लहानच असतील, तरी पहिल्या दिवसापासून मी त्यांना 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणते.

तीन आठवड्यांपूर्वी सेशन संपत आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मे महिन्यात मी तीन आठवडे रजेवर आहे." मी बरं म्हटलं, पर्स उचलली, आणि दारापाशी पोचल्यावर तोंडून निघून गेलं, "म्हणजे तू पण निघालीस."

त्या रागावल्या नाहीत. "हे कुणाला म्हणालात?" एवढंच विचारलं. मी सॉरी म्हणून जिना उतरले. खाली स्कूटरची किल्ली लावताना हात थरथरत होता, कारण तो सूर माझ्या ओळखीचा होता. लहानपणी आईशी बोलायचे, तोच.

मी पाच वर्षांची असताना आई नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी मुंबईला गेली आणि मी कराडजवळच्या गावी आजीकडे राहिले. दीड-दोन महिन्यांनी आई दोन दिवस यायची आणि मी रडू नये म्हणून पहाटेच्या एसटीने, मी झोपेत असतानाच निघून जायची. जाग आली की शेजारची वाकळ गार लागायची. असं जवळजवळ तीन वर्षं चाललं. आईने हे आमच्यासाठीच केलं, माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. निदान आजवर मी तसंच समजत होते. तिला जाऊन सहा वर्षं झाली, हा विषय आमच्यात कधीच निघाला नाही.

त्या 'तू'नंतरच्या गुरुवारी मी तासभर उशिरा पोचले. वेळच चुकीची डोक्यात होती, सव्वा वर्षात पहिल्यांदा. त्याच्या पुढच्या गुरुवारी पालकसभेचं खोटं कारण सांगून गेलेच नाही. आणखी एक आता लक्षात येतंय. सेशन ५० मिनिटांचं असतं आणि मी कायम ४५ मिनिटं झाली की उठते. दिवाळीच्या सुमारास मॅडमनी त्याबद्दल विचारलं होतं. मी म्हटलं, बस चुकेल. मी स्कूटरने जाते!

मग वाचायला लागले तेव्हा ट्रान्सफरन्स हा शब्द सापडला: जुन्या, महत्त्वाच्या माणसाबद्दलच्या भावना आपल्याही नकळत समोरच्या माणसावर जाऊन बसणं. माझे प्रश्न:

हे मॅडमना सांगायचं असतं का, की त्यांना अवघडल्यासारखं होईल? पैसे देऊन मिळणाऱ्या वेळात आई शोधणं लाजिरवाणं नाही का? आणि थेरपिस्ट बदलला तर हे थांबेल का? खरं सांगायचं तर निरोप न देता सोडून द्यावं असंच सारखं मनात येतंय.

प्रतिसाद

ताई, मी चार वर्षं थेरपी घेतली आहे, त्या अनुभवावरून सांगतो. मी माझ्या थेरपिस्टना वडिलांसारखा घाबरायचो. नोकरी गेली तेव्हा दोन महिने त्यांच्यापासून लपवलं, पगार चालू असल्यासारखा बोलत राहिलो. शेवटी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मी ओरडेन असं वाटलं होतं का?" त्या एका प्रश्नावर आम्ही पुढचा महिनाभर बोललो. माझं खरं काम तिथून सुरू झालं. अवघडल्यासारखं तुम्हाला होईल, त्यांना नाही. त्यांनी 'कुणाला म्हणालात' विचारलं म्हणजे दार उघडंच ठेवलंय.

प्रतिसाद

मी या क्षेत्रात शिकते आहे. तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी मुद्दाम लिहिते.

मनोविश्लेषणाची पद्धत सुरू करणाऱ्या फ्रॉइडकडे १९०० साली व्हिएन्नात अठरा वर्षांची एक मुलगी येत होती. त्याने तिला लिखाणात 'डोरा' नाव दिलं. तीन महिनेही पुरते झाले नव्हते आणि ३१ डिसेंबरला तिने सांगितलं, आज शेवटचं. हे कधी ठरवलं विचारल्यावर म्हणाली, पंधरा दिवसांपूर्वी. फ्रॉइडला ते घरकामाच्या बाईने नोटीस द्यावी तसं वाटलं. ही केस १९०५ मध्ये छापताना त्याने कबूल केलं, की तिच्या आयुष्यातल्या एका पुरुषावरचा राग ती आपल्यावर काढत होती आणि ते आपल्याला वेळेवर ओळखता आलं नाही. ट्रान्सफरन्सबद्दल आज जे शिकवतात, त्याचा मोठा भाग त्या अपयशातून आला आहे.

तुमचं तसं व्हायला नको. सोडून जाण्याची ही ओढ त्याच जुन्या गोष्टीचा भाग असू शकते: समोरचा जाण्याआधी आपण निघायचं. ती ४५ मिनिटं बघा ना. नेणीव, म्हणजे मनाचा आपल्याला न कळणारा भाग, काही खोल विहिरीत दडून बसलेली नसते, ती अशी घड्याळात आणि खोट्या बसमध्ये दिसते. अर्थ मात्र मी इथून लावणं बरोबर नाही, तो तुम्ही दोघींनी मिळून लावायचा.

लाजेबद्दल: हे फक्त थेरपीत होत नाही. मुख्याध्यापकांपुढे, डॉक्टरांपुढे, सासूपुढेही होतं. थेरपीत फरक एवढाच, की तिथे थांबून त्याकडे बघता येतं. म्हणूनच नुसता थेरपिस्ट बदलून ते थांबेलच असं नाही.

पण थेरपिस्टने या भावनांचा फायदा घेतला, मैत्री वा शारीरिक जवळीक सुरू केली, पैसे उसने मागितले, तर तो ट्रान्सफरन्स नव्हे, गैरवर्तन. तेव्हा लगेच बाहेर पडायचं. तुमच्या मॅडमनी रजा आधी सांगितली, प्रश्न हळुवार विचारला. मला तरी यात चांगलंच दिसतंय.

प्रतिसाद

एवढं मागे जायची गरज आहे का? आपल्याकडे मानसोपचारक कि. मो. फडके यांच्यामुळे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे त्रास देणारा विचार तर्काने तपासायची, पुष्कळांना माहीत आहे. 'ती रजेवर गेली म्हणजे मला सोडून गेली' हा विचार तपासून बघा, मला अशाने फार फायदा झाला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. विचार तपासून पाहिला. रजा म्हणजे रजा, हे मला पक्कं कळतं. पण कळत असूनही हात थरथरला, म्हणून मला दुसऱ्या वाटेनेच जावंसं वाटतंय.

डोराचं वाचून रात्री बराच वेळ जागी होते. मॅडमना मेसेज केला आहे की गुरुवारी येते आहे आणि पालकसभा नव्हती. त्यांचं उत्तर आलं, "वाट बघते." 'तू'चं आणि वाकळेचं कागदावर लिहून ठेवलंय. ते सेशनच्या सुरुवातीलाच वाचणार आहे. शेवटासाठी राखून ठेवलं तर मी ४५ मिनिटांनी उठून जाईन.