कर्णबधिर शाळेसाठी 40 टक्के म्हणजेच 40 डेसिबल का?

ऐरोलीकर: बहिणीचा मुलगा साडेचार वर्षांचा. बेरा (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ती तपासणी) रिपोर्टमध्ये उजवा कान 65, डावा 90 डेसिबल. विशेष शाळेने 40 टक्के अपंगत्वाचा दाखला मागितलाय, पण रिपोर्टवर टक्के कुठेच नाहीत. दोन्ही आकडे 40 च्या वर आहेत, मग झालं ना? शिवाय शेजारच्या मुलीचा एक डोळा पूर्ण गेलाय. तिला अंधशाळा मिळेल का?

कानमात्रा: नाही, डेसिबल आणि टक्के वेगळे. 500, 1000, 2000, 4000 हर्ट्झच्या (जाड ते बारीक) आवाजांना किती डेसिबलपासून ऐकू येतं त्याची सरासरी काढतात, त्यावरून सरकारी तक्त्यात प्रत्येक कानाचे टक्के बघतात. मग चांगल्या कानाचे टक्के गुणिले 5, त्यात वाईट कानाचे मिळवायचे आणि बेरजेला 6 ने भागायचं. समजा चांगला कान 40 टक्के, वाईट 94: 200 अधिक 94, भागिले 6, म्हणजे 49. बहुतेक भार चांगल्या कानावर, त्यामुळे डाव्याचे 90 बघून निर्धास्त राहू नका.

नुसता क्लिक बेरा (टकटक आवाजावर केलेला) या हिशोबाला पुरत नाही, खालच्या फ्रिक्वेन्सी त्यात नीट कळत नाहीत. एएसएसआर (प्रत्येक फ्रिक्वेन्सीची पातळी वेगळी काढणारी तपासणी) करून घ्या. साडेचार वर्षांचं मूल खेळातून ऑडिओमेट्रीही (आवाज ऐकवून घेतलेली श्रवणचाचणी) देतं: आवाज आला की ठोकळा टोपलीत. आधी चार दिवस घरी डबा वाजवून सराव करा. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत या तपासण्या होतात.

सर्दीत मात्र नेऊ नका. मळ किंवा कानाच्या पडद्यामागे पाणी असेल तर आकडा फुगतो, आणि इम्पिडन्समध्ये (पडदा नीट हलतो का ते बघणारी तपासणी) ते दिसलं की आधी उपचार, मग पुन्हा तपासणी. कॉक्लिअर इम्प्लांटचं (कानात शस्त्रक्रियेने बसवायचं श्रवणयंत्र) विचारायचं असेल तर आत्ताच विचारा, वय वाढलं की फायदा घटतो.

कळवा_पूर्व: दाखला स्वावलंबन पोर्टलवरून (दिव्यांग दाखल्याची सरकारी वेबसाइट). नोंदणी करताना रुग्णालय निवडावं लागतं, तिथे कानाची तपासणी होते का ते आधी फोन करून विचारा, नाहीतर फेरी फुकट. जन्मदाखला आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळवा, बरेच अर्ज तिथेच अडकतात. लहान मुलाला बऱ्याचदा तात्पुरता दाखला मिळतो. त्यावरची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दृष्टी_ठाणे: शेजारच्या मुलीचा दुसरा डोळा चष्म्यासह 6/6 (म्हणजे नीट) असेल तर 30 टक्केच धरतात. म्हणजे 40 होत नाहीत, अंधशाळा नाही. तिने साध्या शाळेत पुढच्या बाकावर बसावं, तेच बरं. अंधत्व धरतात ते चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्मा लावूनही 3/60 (इतरांना 60 मीटरवरून दिसतं ते 3 मीटरवरून) पेक्षा कमी असेल किंवा दृष्टिक्षेत्र (नजर न हलवता दिसणारा भाग) 10 अंशांपेक्षा कमी असेल तर. जुन्या नंबरच्या चष्म्यावर तपासणी झाली तर टक्के चुकतात.

ऐरोलीकर: एएसएसआरची वेळ घेतो. साडेचार वर्षांच्या मुलाला शाळेत घेतील का पण?

कानमात्रा: दिव्यांग हक्क कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क 6 ते 18 वयाचा, पण बऱ्याच कर्णबधिर शाळांत पूर्वप्राथमिक वर्ग असतात. तिथे विचारा. भाषेसाठी सहाची वाट बघू नका. आणि 40 टक्के झाले की साध्या शाळेत आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागांसाठीही अर्ज करता येतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.