व्हिकचं छोटं चर्च मुद्दाम थांबून बघावं का? आणि अशा चर्चचा खर्च कोण करतं?

तूरकर_ओवी
नमस्कार मंडळी. मी दोन वर्षं फ्रान्समध्ये तूरला असते. मे महिन्यात आईबाबा येतायत, बाबांना नोआँला लेखिका जॉर्ज सांदचं घर बघायचंय, संगीतकार शोपँ तिथे उन्हाळ्यात राहायचा म्हणून. तिथून दोन-तीन किमीवर व्हिक गावात सेंट मार्टिनचं जुनं चर्च आहे म्हणे, पण फोटोत बाहेरून अगदीच साधं दिसतं, थांबावं का? आणि एक कुतूहल, इकडच्या खेड्यांत वस्ती एवढीशी, रविवारी चार म्हातारी माणसं, तरी चर्चचं छप्पर शाबूत. पैसे कोण घालतं?

भटक्या७८
ओवी, बाहेरून बघून ठरवू नकोस गं! मी पण गाडीतूनच बघून पुढे निघालो होतो, बायको म्हणाली आत डोकावू तरी, आणि मग आम्ही तास-दीड तास तिथेच. आत मधोमध एक भिंत आहे, तिच्यातल्या अरुंद कमानीतून पलीकडे गेलं की चारी बाजूंनी १२व्या शतकातली चित्रं, गेरू आणि पिवळ्या मातीच्या रंगातली. शेवटचं भोजन, जूदासचं चुंबन, सगळं. आणि तू तूरची ना, मग तुमच्या लोकांची चोरी पण आहे तिथे. सेंट मार्टिन म्हणजे तूरचा बिशप, तो ३९७ मध्ये कांद गावी वारला तेव्हा प्वातिए शहरवाले म्हणे आमचा, तूरवाले म्हणे आमचा, रात्री प्वातिएवाल्यांना झोप लागली आणि तूरच्या लोकांनी देह खिडकीतून बाहेर काढून ल्वार नदीतून होडीने नेला अशी कथा आहे. ती तिथे रंगवलीये.

चुनखडी
ही चित्रं कित्येक वर्षं चुन्याखाली होती. १८४९ ला गावच्या पाद्रीबाबांना ती सापडली, जॉर्ज सांद शेजारच्याच गावची, तिने प्रॉस्पेर मेरिमेला गाठलं, तो सरकारचा ऐतिहासिक वास्तूंचा इन्स्पेक्टर, आणि १८५० ला चर्च संरक्षित यादीत गेलं सुद्धा. एका वर्षात! मला हे वाचून भरून आलं, कारण आमच्या गावच्या देवळात जीर्णोद्धार म्हणून कोरीव दगडावर ऑइलपेंट मारला, दगडाचा श्वासच बंद झाला, ओल आत अडकून आता पोपडे सुटतायत. चुना खरवडून तरी काढता येतो.

कायदेवाला_नाना
खर्चाचं सांगतो. १९०५ ला तिथे धर्म आणि सरकार वेगळं करणारा कायदा झाला, त्यानंतर जुनी गावची चर्चेस कम्यूनच्या, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेच्या मालकीची, कॅथेड्रल्स, म्हणजे बिशपची मोठी चर्चेस, सरकारची. अशी गावकीची चर्चेस सुमारे ४० हजार आहेत. वापर कॅथलिक लोकांचा, फुकट, पण कौल फुटलं तर मेयरने बघायचं. व्हिकसारखं यादीतलं असेल तर सरकारी अनुदान मिळतं, यादीबाहेरच्यांचे मात्र हाल आहेत, ज्या गावात दोनशे माणसं तिथे घंटाघराला तडा गेला तर पैसे आणायचे कुठून? म्हणून २०१८ पासून वारसा वाचवायला खास लॉटरी काढतात. नोआँहून परतताना चर्चमध्ये दानपेटी दिसली तर ओवी, दोन-चार युरो टाक.

भटक्या७८
आणि फ्लॅश मारू नका. गाडी नसेल तर ट्रेन शातोरूपर्यंतच, तिथून साधारण ३० किमी, बसच्या वेळा आधी बघून ठेव.

तूरकर_ओवी
नाना, दानपेटीत टाकते नक्की. भटक्यादादा, सेंट मार्टिनच्या बॅसिलिकावरून, म्हणजे इथल्या मोठ्या चर्चवरून, मी रोज कामाला जाते, खाली तळघरात त्याची कबर आहे आणि मला ही चोरी माहीतच नव्हती! आता बाबांना आधी कबर दाखवते, मग व्हिकची खिडकी.