साखळीला बांधलेल्या कुत्र्यासाठी काय करता येईल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जुन्नर तालुक्यात आमची रानातली वस्ती, चारी बाजूंनी ऊस. बांधापलीकडे अण्णा राहतात, आमच्या भावकीतलेच, त्यांनी गोठ्याबाहेर कुत्रा बांधलाय तो रात्रंदिवस तिथंच, जेमतेम हातभर साखळी, तीही गुरांची जाड. पट्टा पिल्लू असतानाचाच राहिला त्यामुळे तो मानेत रुतून जखम झालीय, माश्या घोंगावतात, आता अळ्या पडतील अशी भीती वाटते. पाण्याचं डबडं साखळीत अडकून सारखं उपडं होतं.

त्यात आमच्याकडे बिबट्या. मोकळं कुत्रं निदान पळेल तरी, बांधलेलं म्हणजे आयतं ताट, आणि एकदा घास मिळाला की तो परत त्याच अंगणात यायचा, तिथं लहान पोरं खेळतात हो! अण्णा म्हणतात राखणीला ठेवलाय, सोडला तर चावेल. माझ्या मते सतत बांधूनच तो चिडका झालाय, आणि रेबीजची लसही दिलेली नाही.

प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात कलम 11 खाली असं आखूड साखळीनं तासन्‌तास बांधणं गुन्हा आहे, पण पहिल्या वेळी दंड 10 ते 50 रुपये, हसावं की रडावं. शिवाय भावकीत पोलीस नको.

जनावरांच्या दवाखान्याची 1962 नंबरची हेल्पलाइन आहे, तिला फोन केला तर कुत्र्यासाठी डॉक्टर वस्तीवर येतात का? रात्री आत ठेवायला वरूनही बंद असा जाळीचा पिंजरा कुणी बनवून घेतलाय का, खर्च किती आला? पैसे मी घालतो, फक्त अण्णांना न दुखावता विषय कसा काढू ते सांगा.