केव्हीएमवर हलवलेला सर्व्हर बूट होताना रूटचा लॉजिकल व्हॉल्यूम सापडत नाही

प्रश्न:
अल्मालिनक्स ९ हे लिनक्स वितरण असलेला आमचा एक सर्व्हर दोन्ही डिस्कच्या हुबेहूब प्रती करून केव्हीएम या व्हर्च्युअल यंत्रांच्या प्रणालीवर हलवला आहे. ग्रब या बूटलोडरचा मेन्यू दिसतो, कर्नल सुरू होतो, पण रूटचा (मूळ फाइलप्रणालीचा) लॉजिकल व्हॉल्यूम, म्हणजे एलव्हीएम या डिस्क-व्यवस्थापन प्रणालीने बनवलेला विभाग, अस्तित्वात नाही असे सांगून ड्रॅकट या बूटसाधनाचे आपत्कालीन शेल उघडते. दुसऱ्या डिस्कवर डेटाचा स्वतंत्र व्हॉल्यूम ग्रुप (एलव्हीएमचा डिस्क-गट) आहे. ‘पीव्हीक्रिएट’ (डिस्क एलव्हीएमसाठी तयार करणारी आज्ञा) पुन्हा चालवण्याचा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

उत्तर १:
कृपया मुळीच मानू नये. बूट नेमके कोणत्या टप्प्यावर थांबले हे कळेपर्यंत डिस्कवर काहीही लिहिले जाईल अशी आज्ञा देऊ नये. ‘पीव्हीक्रिएट’ आणि ‘व्हीजीरिड्यूस’ (ग्रुपमधून डिस्क काढणारी) या दोन्ही त्यातच येतात. आपले बूट इनिटरॅमएफएस या सुरुवातीच्या तात्पुरत्या फाइलप्रणालीमध्ये, म्हणजे रूट जोडले जाण्यापूर्वीच, थांबले आहे. त्या शेलमध्ये ‘कॅट’ने प्रॉक निर्देशिकेतील ‘पार्टिशन्स’ ही फाइल वाचावी. तिच्यात डिस्कच नसतील, तर दोष एलव्हीएमचा नसून ड्रायव्हरचा आहे, कारण ड्रॅकट सामान्यतः ज्या यंत्रावर चालते त्या यंत्राला लागणारेच ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये घालते आणि जुन्या यंत्राला व्हर्टआयओची (केव्हीएमच्या व्हर्च्युअल डिस्कसाठीच्या ड्रायव्हरची) गरजच नव्हती. ग्रबच्या मेन्यूतील ‘रेस्क्यू’ नोंदीच्या इनिटरॅमएफएसमध्ये मात्र सर्वसाधारण ड्रायव्हर असतात, म्हणून आधी तिथून बूट करून पाहावे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. त्या फाइलमध्ये खरोखरच डिस्क नव्हत्या. ‘रेस्क्यू’मधून रूट जोडले गेले, परंतु आता डेटाच्या व्हॉल्यूमची वाट पाहून सिस्टमडी (सेवा सुरू करणारी प्रणाली) आपत्कालीन अवस्थेत जाते. ‘एलएसबीएलके’ला (डिस्कची यादी देणाऱ्या आज्ञेला) डिस्क दिसते, ‘पीव्हीएस’ला (एलव्हीएमच्या डिस्कची यादी देणाऱ्या आज्ञेला) दिसत नाही.

उत्तर २:
ही दुसरी अडचण पहिलीपेक्षा वेगळी आहे. या वितरणाच्या नवव्या आवृत्तीपासून एलव्हीएम ‘सिस्टम डॉट डिव्हायसेस’ या फाइलमध्ये नोंदलेल्या डिस्कच विचारात घेते. त्या नोंदी बहुधा डिस्कच्या डब्ल्यूडब्ल्यूआयडी ओळखक्रमांकावरून होतात आणि व्हर्च्युअल डिस्कला जुना ओळखक्रमांक राहत नाही, त्यामुळे डेटा शाबूत असूनही एलव्हीएम त्या डिस्ककडे पाहतच नाही. ‘एलएसबीएलके’ला ‘एफ’ पर्याय देऊन त्या डिस्कसमोर ‘एलव्हीएम२ मेंबर’ असे दिसत असेल, तर ‘व्हीजीइम्पोर्टडिव्हायसेस’ ही त्या फाइलमध्ये डिस्क नोंदवणारी आज्ञा व्हॉल्यूम ग्रुपचे नाव देऊन चालवावी. रूटच्या ग्रुपसाठीही तेच करावे. मग ‘व्हीजीचेंज’ने ग्रुप सक्रिय करावा.

हे झाल्यावरच ड्रॅकटने इनिटरॅमएफएस नव्याने तयार करावा. इथे एका बाबीकडे हमखास दुर्लक्ष होते: ‘रेस्क्यू’ नोंदीतील कर्नल बहुतेकदा मूळ स्थापनेच्या वेळचा, म्हणजे जुना असतो आणि आवृत्ती न सांगता ड्रॅकट चालवल्यास ते चालू असलेल्या कर्नलसाठीच फाइल बनवते. नेहमीच्या कर्नलची आवृत्ती ‘केव्हर’ पर्यायाने स्पष्ट द्यावी, अन्यथा पुढच्या बूटला तेच शेल पुन्हा समोर येईल. डेटाच्या व्हॉल्यूमविना सर्व्हर सुरू होणे चालणार असेल, तर एफएसटॅबमधील (बूटवेळी जोडायच्या फाइलप्रणालींच्या यादीतील) त्याच्या नोंदीत ‘नोफेल’ हा पर्याय जोडावा.