गोडो ४: ट्वीनमध्ये दोन हालचाली एकदम आणि तिसरी नंतर, कसं जमवायचं?

मंडळी, गोडो ४ (गेम बनवायचं इंजिन) वर छोटा प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम, करतोय. नाणं उचललं की ते ४० पिक्सेल वर सरकावं, सरकता सरकता विरावं आणि मग क्यू_फ्री व्हावं, म्हणजे गेममधून काढलं जावं, एवढंच हवंय. त्यात अख्खी संध्याकाळ गेली.

आधी हौसेने सगळं एकाच ओळीत ओवलं: क्रिएट_ट्वीन (ट्वीन म्हणजे जागा, रंग वगैरे ठरलेल्या वेळात हळूहळू बदलणारी वस्तू), त्याला ट्वीन_प्रॉपर्टी (एक हालचाल जोडणारं फंक्शन), तिला टिंब देऊन परत ट्वीन_प्रॉपर्टी. एरर आली की प्रॉपर्टीट्वीनरमध्ये (ती एकच हालचाल सांभाळणारी वस्तू) असं फंक्शनच नाही. मग लक्षात आलं. सेट_ट्रान्स, सेट_ईज (हालचालीचा वेग कसा बदलावा ते ठरवणारी फंक्शन्स) ज्याच्यावर लावले तेच परत देतात, म्हणून कितीही जोडा. ट्वीन_प्रॉपर्टी मात्र ट्वीन परत देत नाही, नवा प्रॉपर्टीट्वीनर हातात ठेवते.

ट्वीन व्हेरिएबलमध्ये घेऊन ओळी वेगळ्या केल्या. एरर गेली, पण आता नाणं आधी वर जातं, तिथे लटकतं आणि मग विरतं. सगळं एकदम चालावं म्हणून सेट_पॅरलल ट्रू केलं, तर क्यू_फ्रीचा कॉलबॅकही (ट्वीनने ते फंक्शन चालवायची पायरी) त्यांच्यासोबतच सुटतो, नाणं जागच्या जागी गायब!

सध्या कॉलबॅकला ०.३ सेकंदांचा सेट_डिले (उशीर) लावलाय. चालतंय, पण वेळ बदलली की दोन्हीकडे बदलायची. याहून बरा मार्ग आहे का?

प्रतिसाद १
कॉलबॅकच्या आधी चेन घाला: ट्वीन, टिंब, चेन, टिंब, ट्वीन_कॉलबॅक. चेन ट्वीनच परत देतं, त्यामुळे पुढे जोडता येतं, आणि आधीच्या दोन्ही हालचाली संपल्याशिवाय कॉलबॅक चालत नाही. डिले काढून टाका.

दोनच हालचाली असतील तर मी सेट_पॅरललच्या वाटेला जात नाही. फक्त दुसरीच्या आधी पॅरलल लावतो, बाकी सगळं आपोआप एकामागून एक होतं. सहा महिन्यांनी स्वतःचा कोड वाचताना हे बरं पडतं.

जाता जाता: त्या ०.३ सेकंदांत खेळाडू नाण्याला परत शिवला तर गुण दोनदा मिळतील. उचलल्याबरोबर कोलिजनशेप (नाण्याला स्पर्श झाला का ते ओळखणारा आकार) डिसेबल करा, तेही सेट_डिफर्डने, म्हणजे बदल लगेच न होता थोडा नंतर होतो. सिग्नलच्या (स्पर्श झाल्याची इंजिनची सूचना) आतून थेट केलंत तर इंजिन कुरकुरतं.

धागाकर्ता
चेनने काम झालं, आभार! आणि गुण खरंच दोनदा पडत होते हो. मी दोन दिवस गुण दाखवणाऱ्या लेबलचा कोड उसवत बसलो होतो.