कन्सोल भारी कशामुळे, नवं तंत्र की निव्वळ मजा?

कॅसेटला_फुंकर:
परवा भाच्याशी वाद झाला, तो म्हणे ज्या कन्सोलने, म्हणजे व्हिडिओ गेमच्या मशीनने, नवीन काही आणलं नाही तो ग्रेट कसला. मला हे अजिबात पटत नाही. निन्टेंडो कंपनीचा 1989 चा गेम बॉय घ्या, हातात धरून खेळायचा. हिरवट स्क्रीन, रंग नाहीत, मागे लाइट पण नाही. दीडेक वर्षात सेगा या दुसऱ्या कंपनीने गेम गिअर आणला, रंगीत, लाइटवाला, बघताच हवासा वाटेल असा, पण सहा सेल घालायचे आणि काही तासांत खल्लास. गेम बॉय चारच सेलवर कितीतरी जास्त चालायचा, वर अमेरिकेत सोबत टेट्रिस हा गेम मिळायचा. गेम बॉय आणि नंतरचा गेम बॉय कलर मिळून साधारण 11 कोटी 87 लाख विकले गेले राव! लोकांना खेळायचं होतं, बास.

अंगठेबहाद्दर:
असहमत. गेम बॉयच्या डाव्या बाजूचं ते अधिकच्या चिन्हासारखं बटण कुठून आलं? निन्टेंडोच्याच गुनपेई योकोईने, ज्याने गेम बॉय पण केला, 1982 ला डाँकी काँगच्या गेम अँड वॉच या छोट्या मशीनसाठी केलं ते, म्हणजे हातात मावणाऱ्या खेळात जॉयस्टिकचा दांडा चालत नाही म्हणून. मग निन्टेंडोच्या टीव्हीला जोडायच्या फॅमिकॉमवर आलं, आणि आपण नव्वदीत मे महिन्याच्या सुट्टीत पिवळ्या कॅसेटी लावून जे खेळलो ना ते त्याचेच डुप्लिकेट, त्यावर पण तेच बटण. आपल्याला ते नवीन वाटत नाही कारण अंगठ्याला सवय झालीय.

कॅसेटला_फुंकर:
योकोईचं नाव काढलंत ते बरं झालं. त्याच माणसाने 1995 ला व्हर्च्युअल बॉय काढला. थ्रीडी, याच्याइतकं नवीन तेव्हा कुणाकडेच नव्हतं. नुसतं लाल-काळं दिसायचं, डोळे दुखतात अशी तक्रार, वर्षभरात बंद. आठ लाख पण नाही विकले. आणि त्याचं स्वतःचं म्हणणं काय होतं, तर जुनं होऊन स्वस्त झालेलं तंत्र घ्या आणि ते वेगळ्या कामाला लावा. गेम बॉय तसाच केलेला.

आज्जीचा_स्ट्राइक:
मध्येच बोलते. 2009 ला न्यू जर्सीला ताईकडे निन्टेंडोचा वी हा कन्सोल होता. आमची आज्जी, जिने आयुष्यात टीव्हीचा रिमोट कधी नीट धरला नाही, ती पदर खोचून बॉलिंग खेळायला उभी राहिली आणि जेवायला बोलावलं तरी हलेना, कारण हात फिरवला की बॉल जातो एवढंच तिला कळायला हवं होतं. ग्राफिक्स प्लेस्टेशन 3 पेक्षा कितीतरी साधे. आता यात नवीन कुठलं आणि मजा कुठली, मला नाही वेगळं काढता येत.

कॅसेटला_फुंकर:
आज्जींना नमस्कार सांगा. पण त्याच कंपनीने 2012 ला वी यू आणला, हातातल्या कंट्रोलरमध्येच स्क्रीन, वीपेक्षा नवीन. वी 10 कोटींच्या वर गेला, हा दीड कोटीच्या आतच अडकला. ती दुसरी स्क्रीन कशासाठी हेच लोकांना कळलं नाही.

अंगठेबहाद्दर:
वी यूचं मान्य. पण व्हर्च्युअल बॉय नवीन होता म्हणून नाही पडला. टेबलावर स्टँड ठेवायचा, त्यात तोंड खुपसून बसायचं, शेजारच्याला काही दिसत नाही, आणि दोन मशीन जोडायची केबल शेवटपर्यंत बाजारात आलीच नाही. गेम बॉयला ती पहिल्यापासून होती. आम्ही भावंडं एका टीव्हीसमोर नंबर लावून खेळायचो, ज्याचा नंबर नाही तो पण ओरडत असायचा, ते त्या डब्यात कसं होणार?